रिकाम्या खणाचे नंबर

आमच्या कॉलेजच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत, माझ्या छातीइतका उंच एक स्विच आहे. स्विच म्हटलं की घरी दिव्याचं बटण समजतात, म्हणून घरी मी त्याला पेटी म्हणतो. एका मोठ्या शहरातल्या कंपनीनं जुना झाला म्हणून तो काढून टाकला होता. आमच्या सरांनी खटपट करून तो धाराशिवला आणला. टेम्पोतून उतरवताना इतका जड लागला की एक मित्र म्हणाला, "ह्याच्यात माहिती भरलेलीच आलीय वाटतं."

त्याचं काम समजायला सोपं आहे. एका बाजूला सर्व्हर, दुसऱ्या बाजूला माहिती साठवणाऱ्या डिस्कची कपाटं, आणि मधे हा. कोणत्या सर्व्हरनं कोणत्या डिस्कपर्यंत कुठून जायचं, ती वाट हा लावून देतो. समोरून बघितलं तर पुस्तकं उभी लावावीत तसे त्यात खण दिसतात. एकेका खणात एकेक बोर्ड सरकवायचा. बोर्डावर केबल लावायची तोंडं असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. प्रत्येक पोर्टाला एक नंबर.

शेवटच्या वर्षाचा माझा प्रोजेक्ट या नंबरांवर होता. त्याविषयी लिहायला बसलो की दर वेळी मी आमच्या मेंढरांच्या तळाविषयी लिहितो, आणि मग ते पान फाडून टाकतो. दोन्ही एकत्र सांगणं बरोबर आहे की नाही, मला कळत नाही. पण एक सोडून दुसरं मला सांगता येत नाही, हेही खरं आहे.

आम्ही मेंढपाळ. येडशीपासून जवळच आमचं गाव. दसरा झाला की आमच्या भावकीतली बिऱ्हाडं मेंढरं घेऊन निघतात, मुरूम गावाच्या अंगाला उतरत जातात आणि उन्हाळा सरता सरता परत येतात. पीक निघालेल्या रानात मेंढरं बसवायची. लेंड्यांचं खत शेतकऱ्याला आणि त्याच्याकडून धान्य आम्हाला. दोन-चार दिवसांनी मुक्काम हलतो. पण रान कोणतंही असो, आमची राहायची पालं एकाच क्रमानं पडतात. उगवतीकडं तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला पहिलं पाल तळाच्या म्होरक्याचं. त्याच्या डावीकडं काकाचं, म्हणजे माझ्या वडिलांच्या, अप्पांच्या, चुलतभावाचं. तिसरं आमचं. आणि मग पुढची. नव्या रानात घोड्यावरचं ओझं उतरवताना कुणी कुणाला विचारत नाही. बायका सरळ आपापल्या जागी जाऊन दगड शोधायला लागतात.

एखादं बिऱ्हाड एखाद्या साली आलं नाही, घरात लग्न निघालं किंवा कुणी आजारी पडलं, तर त्याची जागा तशीच सोडतात. दर मुक्कामाला, पालाएवढी मोकळी. तिथं दुसऱ्यानं चूल मांडायची नाही. जागा सुटते ती एकाच प्रकारे. त्या घरच्या बाईनं स्वतः येऊन, नव्या बिऱ्हाडासाठी चुलीचा पहिला दगड मांडून द्यायचा. तोवर ती जागा मागायची पद्धत नाही. मागितली तर मेलेल्याच्या अंगावरचं घोंगडं मागितल्यासारखं दिसतं.

आमची जागा गेल्या साली मोकळी होती.

त्याच्या आदल्या साली परतीच्या वाटेवर वळवाचं आभाळ आलं आणि दादावर वीज पडली. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो मेंढरं लिंबाखाली घ्यायला पळाला होता. काकूनं नंतर सांगितलं, "आवाज झाला आन् म्या बघितलं तर मेंढरं उभीच हायती, त्योच न्हाय." मी तेव्हा होस्टेलवर परीक्षेचा अभ्यास करत होतो. मला शाळेत घालायचा हट्ट त्याचाच होता. तो स्वतः चौथीतून सुटला आणि मेंढरांमागे गेला. सुटीत मी तळावर आलो की तो मला कामाला हात लावू देत नसे. "बस. तुझ्या हाताला लेंड्यांचा वास लागला तर मास्तर हाकलून दिईल," म्हणायचा, आणि स्वतःच हसायचा.

तो गेल्यावर अप्पा तळावर गेले नाहीत. गुडघे दुखतात म्हणाले. गुडघे आधीही दुखत होते. आमची मेंढरं काकानं आपल्या कळपात घालून नेली, आमचा कुत्राही त्यांच्यामागे गेला, आणि काकू फोनवर आईला दर मुक्कामाला सांगायची, "तुमची जागा सोडूनच पालं टाकल्यात, बरं का." आई म्हणायची, "व्हय, व्हय." फोन ठेवल्यावर अप्पा विचारायचे, "सोडली का?" आई मान हलवायची. तेवढ्यावर त्यांचा दिवस जायचा.

पण त्याच साली काकाच्या मुलाचं लग्न होऊन त्याचं बिऱ्हाड वेगळं झालं. बाप-लेकाची मेंढरं रात्री एकाच वाघुरीत, म्हणजे एकाच जाळीच्या कुंपणात कोंडतात. म्हणून त्यांची पालं शेजारी लागतात. काकाच्या एका अंगाला म्होरक्या, दुसऱ्या अंगाला आमची मोकळी जागा. मग त्या पोराचं पाल पडलं थेट रांगेच्या शेवटाला. त्याची नवी बायको सकाळ-संध्याकाळ कोकरं उचलून सगळ्या रांगेसमोरून ये-जा करायची. सगळे बघत होते. जागा मात्र कुणी मागितली नाही.

म्हणजे या साली दसऱ्याच्या आत एवढंच ठरायचं होतं, की तिसरी जागा आमची राहणार की नाही. आणि राखायची तर तिथं जाऊन पाल टाकणारा आमच्या घरात एकच माणूस उरला होता. मी.

कॉलेजात त्या दिवसांत सर आम्हाला नंबर कसे वाटले जातात ते शिकवत होते. ते मी समजत होतो तसं नव्हतं. मला वाटलं होतं, जितके खण तितके बोर्ड, जितके बोर्ड तितके नंबर. पण या जुन्या पेटीजवळ नंबर मोजकेच आहेत, अडीचशेच्या आसपास. बोर्ड घातला की त्याच्या पोर्टांना पुरतील इतके नंबर ती त्याच्या नावानं बांधून टाकते, आणि ते सलग असावे लागतात. सोळा पोर्टांचा बोर्ड असेल तर लागोपाठ सोळा. बत्तीसचा असेल तर लागोपाठ बत्तीस. त्यामुळे खण रिकामा असला तरी बोर्ड चालेलच असं नाही. नंबर संपले तर तो नुसता बसून राहतो, दिवा लागत नाही.

एकदा सरांनी मला तिसऱ्या खणातला बोर्ड काढायला सांगितला. तो मेला होता. त्या खणाच्या मागच्या पिनाही जळाल्या होत्या. मी स्क्रू सोडवले, दोन्ही कड्या ओढल्या आणि बोर्ड बाहेर घेतला. शेजारच्या टेबलावरची, पेटीला जोडलेली तिन्ही यंत्रं एकदम ओरडायला लागली.

"कोणता काढलास?" सर दारातूनच म्हणाले.

"तिसरा, सर."

"हा तिसरा?"

मी परत मोजलं. "उजवीकडून तिसरा."

सगळा वर्ग हसला. "उर्दू शाळेत होतास का रे?" एकानं विचारलं. दुसरा म्हणाला, "मेंढरं मोजतोय का उजवीकडून?" तो माझा मित्रच होता, त्यानं लागावं म्हणून म्हटलं नव्हतं. पण खरं तेच होतं. मी पेटीसमोर उभा राहिलो आणि हात आपोआप उजवीकडच्या टोकाला गेला. पहिलं म्होरक्याचं, दुसरं काकाचं, तिसरं आमचं. ही मोजणी मी शिकलो नव्हतो, ती अंगात होती.

सर रागावले नाहीत. "घाल परत," म्हणाले. मी घातला. थोडा वेळ पिवळा दिवा लुकलुकला, मग हिरवा झाला. यंत्रं एकेक करून गप्प झाली. सरांनी पडद्यावर दाखवलं. त्या बोर्डाला त्याचेच जुने नंबर मिळाले होते.

"बघ. खण रिकामा होता तेवढा वेळ ते नंबर पेटीनं कुणाला दिले नाहीत. कारण पलीकडची यंत्रं एकमेकांना त्या नंबरांवरून बनलेल्या पत्त्यानं ओळखतात. नंबर बदलला की ओळख गेली. म्हणून बोर्ड काढला तरी पेटी त्याची जागा धरून ठेवते. उद्या आला, महिन्यानं आला, तरी तेच."

"आणि आलाच नाही तर?" मी विचारलं.

"तर तसेच पडून राहतात. येणार आहे की नाही हे तिला कुठं कळतंय? ते आपल्याला सांगावं लागतं."

मग मी डावीकडून तिसरा, मेलेला बोर्ड काढला. हलका वाटला. खरं तर सारखेच जड होते.

पितृपंधरवड्यात दादाची तिथी होती, म्हणून मी घरी गेलो. काका जेवायला आला होता. जेवण झालं, हात धुतले, सुपारी कातरून झाली. काका अप्पांजवळ भिंतीला टेकून बसला.

"सोयाबीनची रानं यंदा लवकर मोकळी व्हायलीत," काका म्हणाला.

"व्हय," अप्पा म्हणाले.

"म्हाताऱ्या घोडीचं काय खरं न्हाय. मुरमापतुर चालंल का न्हाय, देव जाणं."

"व्हय."

आई आतून म्हणाली, "भावजी, नवी सून कशी हाय?"

"बरी हाय, वहिनी. लई कामाची हाय. कोकरं उचलून उचलून पोरीच्या कमरंत चमक भरली तेवढी." एवढं बोलून काकानं एकदम खाली बघितलं. मागायचं नाही ते मागून बसल्यासारखा त्याचा चेहरा झाला. त्यानं उगाच चंची उघडली आणि परत बांधली.

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. "तुझं कवा संपतंय?"

"उन्हाळ्यात, अप्पा."

"मंग?"

"मग नोकरी बघायची. सर म्हणाले, लावून देतो कुठंतरी."

"कुठं?"

"पुण्याकडं असेल."

अप्पांनी सुपारी तोंडात टाकली. काकानंच सावरलं. "शिकू द्या हो अप्पा त्याला. सायेब होऊ द्या. मंग आमच्या मेंढरांच्या गळ्यात एकेक कंप्यूटर बांधील. कोण कुठं चरतंय, घरबसल्या कळंल तुमास्नी." आई थोडी हसली. अप्पा हसले नाहीत. मला वाटतं, ते माझ्या पुढच्या वाक्याची वाट बघत होते. 'येतो' म्हणायला एक शब्द लागला असता. 'येत नाही' म्हणायला दोन. मी दोन्ही बोललो नाही.

काका गेल्यावर आई भांडी घासायला बसली. राख चोळता चोळता म्हणाली, "पहिल्या मुक्कामाला म्या जाते."

"कशाला?" अप्पांनी विचारलं.

"दगड मांडाया."

अप्पांनी तोंड भिंतीकडं केलं. मी आईजवळ जाऊन बसलो. "आये, आणखी एक साल थांबलं असतं तर..."

"तर काय? तू जाणार हाईस का?"

ती टोमणा मारत नव्हती. खरंच विचारत होती. हातातलं भांडं तसंच धरून ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मी 'हो' म्हणालो असतो तर तिनं मला जाऊ दिलं नसतं, हे मला माहीत होतं. तरीही ते म्हणायला हवं होतं की नको, हे मला आजही ठरवता येत नाही.

"मंग झालं," ती म्हणाली आणि भांडं पाण्यात बुडवलं.

कॉलेजात परत आलो तेव्हा दुसरा बोर्ड आला होता. तोही वापरलेलाच, पण धड होता. बत्तीस पोर्टांचा. मेलेला बोर्डही बत्तीसचाच होता. जळालेला खण तर वापरता येत नव्हता, म्हणून नवा बोर्ड कडेच्या रिकाम्या खणात घातला. दिवा लागला नाही. मी काढून परत घातला. सरांनी पडद्यावर नंबरांचा तक्ता उघडला. इथं थोडे, तिथं थोडे असे सुटे नंबर शिल्लक होते. एकूण धरले तर बत्तीसहून जास्त होते, पण लागोपाठ बत्तीस कुठंच नव्हते. लागोपाठ बत्तीस एकाच ठिकाणी होते, मेलेल्या बोर्डाच्या नावावर. त्या खणात आता कोणताच बोर्ड बसणार नव्हता, आणि तरी पेटी त्याच्यासाठी जागा धरून बसली होती.

"सोडवून टाक," सर म्हणाले. "प्रोजेक्ट तुझा आहे, कमांड तू दे. खण रिकामा असला तरच ती चालते, म्हणजे चुकून चालू बोर्डाचे नंबर जायची भीती नाही."

मी कमांड लिहिली. पडद्यावर प्रश्न आला, खात्री आहे का, हो की नाही. मी बोट बटणावर ठेवून थांबलो.

"काय झालं?"

"सर, पलीकडच्या यंत्रांना कळतं का, की हे नंबर आता दुसऱ्याचे झाले म्हणून?"

सरांना हा प्रश्न अभ्यासाचा वाटला. "आपोआप नाही कळत. त्यांना नव्यानं ओळख करून द्यावी लागते. काही जुनी यंत्रं बरेच दिवस जुन्याच पत्त्यावर हाका मारत राहतात."

मागून मित्र म्हणाला, "दे की लवकर, चहा थंड झाला."

मी 'हो' दिलं. काहीच झालं नाही. आवाज नाही, इशारा नाही. नुसती पुढची ओळ आली. थोड्या वेळानं कडेच्या बोर्डाचा दिवा लागला, पिवळा, मग हिरवा. तक्त्यात त्याच्यापुढं तेच बत्तीस नंबर होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. चहा प्यायला गेलो तेव्हा मला वाटत होतं, घरीही असंच होईल. एक क्षण, आणि मग पुढची ओळ.

दसऱ्यानंतर तळ निघाला. पहिला मुक्काम रामलिंगाच्या डोंगराखाली, काढणी झालेल्या एका सोयाबीनच्या रानात होता. मी आईला मोटरसायकलवर घेऊन गेलो. अप्पांना मी दोनदा 'चला' म्हणालो. ते म्हणाले, "गुडघे."

आम्ही पोचलो तेव्हा ओझी उतरत होती. म्होरक्याचं पाल उभं राहिलं होतं, काकू आपल्या चुलीला लागली होती. तिच्या डावीकडं पालाएवढी जमीन मोकळी होती. पलीकडं चौथ्या बिऱ्हाडाची बाई पालाची दोरी ओढत होती. काकाची सून आणि तिचा नवरा घोड्याजवळ ओझ्यासकट उभे होते. उतरवत नव्हते. आई येईपर्यंत उतरवायचं नाही, असं काकानं सांगितलेलं होतं.

आईनं पदर खोचला आणि दगड शोधायला बांधाकडं गेली. एक उचलला, ठोकून बघितला, टाकला. "पोकळ हाय. तापला की फुटंल," ती सुनेला म्हणाली. सून तिच्या मागोमाग चालत होती. दुसरा उचलला, तोही टाकला. मला वाटलं, ती वेळ काढतेय. तिसरा काळा, चपटा दगड तिनं दोन्ही हातांनी उचलला. मी पुढं झालो.

"तू न्हाय," ती म्हणाली.

तिनं तो आणून ठेवला. मांडताना खाली वाकली ती तशीच बसून राहिली, दगडावर हात ठेवून. सुनेनं घाबरून सासूकडं बघितलं. काकू जवळ आली, पण आईला हात लावला नाही.

मग सूनच आईला हळूच म्हणाली, "काकू, तुमचं पाल कुणीकडं तोंड करून असायचं?"

आईनं वर बघितलं. "उगवतीला. पर मुरमाकडं उतरलीस की मागनं लई वारं सुटतंय. तवा मागची दोरी आखूड घ्यायची. आन् चुलीचं तोंड त्या म्हातारीकडं करू नको, धूर गेला की शिव्या देती ती."

"कोण म्हातारी? म्या हाय का?" चौथ्या पालावरची बाई ओरडली. "अगं ये भवाने, म्या तुज्यापरीस ल्हान हाय!"

सगळे हसले, आईसुद्धा. हसता हसताच ती उठली आणि डोळे पुसले. उरलेले दोन दगड सुनेनं मांडले.

पाल उभं राहिलं. मेंढरं वाघुरीत जायला लागली तसा आमचा कुत्रा त्यांच्यामागून आला. गेल्या सालभर तो त्या मोकळ्या जागेत झोपायचा, असं काकू सांगायची. तो नव्या पालाभोवती फिरला, आईला हुंगलं, मला हुंगलं, आणि अजून कुणाची तरी वाट असल्यासारखा रानाकडं बघत उभा राहिला. सून त्याला हाकलायला गेली. आई म्हणाली, "राहू दे. बसंल त्यो आपला." तो बसला नाही. आम्ही निघेपर्यंत उभाच होता. मला सरांनी सांगितलेली जुनी यंत्रं आठवली. आठवू नयेत असं वाटत होतं, पण आठवली.

निघताना काकानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काढून घेतला.

आम्ही घरी पोचलो तेव्हा अप्पा ओट्यावर बसले होते. आई आत गेली. मी गाडी लावून त्यांच्याजवळ बसलो.

"कुठं पडलाय तळ?"

"डोंगराखाली. सोयाबीनच्या रानात."

"पाणी हाय का जवळ?"

"हाय."

बराच वेळ ते गुडघ्यावरून हात फिरवत होते.

"ओळ सरळ हाय का?"

"हाय, अप्पा."

"मधी कुठं मोकळं दिसतंय?"

मी खोटं बोललो असतो तरी चाललं असतं, पण कोणतं खोटं बोलायचं तेच मला समजेना. मी रांग डोळ्यांपुढं आणली. उजवीकडून मोजली. म्होरक्या, काका, काकाचा मुलगा.

"न्हाय," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. मग भिंतीचा आधार घेऊन उठले आणि आत जाऊन आडवे झाले.